मार्लवाईचे बेट

महानगरातील धावपळीचा वीट आलेल्या मनुष्यास पुष्कळदा एकच स्वप्न पडत असते. चहूकडे पाणी, मधोमध लहानसे बेट, त्यावर कौलारू घर आणि अंगणात माड. २०२० साली महामारी आली, कचेऱ्यांचे काम घरबसल्या होऊ लागले, तेव्हापासून तर हे स्वप्न विकत मिळू लागले आहे. मुंबई-दिल्लीकडील कितीतरी मंडळींनी गोव्याच्या गावांत जुनी घरे घेतली, डागडुजी केली आणि 'आम्ही नव्याने जगू लागलो' असे आनंदाने सांगितले. त्यांच्या आनंदाचा आम्हांस मत्सर नाही. परंतु ज्यांचा जन्म चोडण-दिवाडीसारख्या बेटावर गेला त्यांना बेट म्हणजे शेवटची फेरी चुकल्यावर धक्क्यावर ताटकळत बसणे, अडलेल्या बाळंतिणीस घेऊन पैलतीरी हाका मारणे, आणि मानशीची दारे निकामी झाली की खाजनात शिरणारे खारे पाणी, हेही ठाऊक असते. बेटावर राहावयास येणारा मनुष्य या दुसऱ्या बेटावर कधी पाऊल ठेवतो काय, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर समुद्रापासून फार दूर, आदिलाबादच्या डोंगरांत सापडते. बेटास समुद्रच लागतो असे नाही. पावसाळ्यात ओढ्यानाल्यांना लोंढे आले की उटनूरच्या पठारावरील गोंडांचे गुडे पूर्वी आठवडेच्या आठवडे जगापासून तुटून पडत. मार्लवाई हा त्यांतलाच एक गुडा. पूर्वीच्या अखंड आदिलाबाद जिल्ह्याचे २०१६ मध्ये तेलंगण सरकारने चार जिल्हे केले. त्यांपैकी कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात तो आता मोडतो. १९४० नंतरच्या दशकात या गावात गवताने शाकारलेल्या मातीच्या झोपडीत एक युरोपीय जोडपे राहत असे. पतीचे नाव ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ, पत्नी बेट्टी. १९०९ साली व्हिएन्नात जन्मलेला हा मानववंशशास्त्रज्ञ व्हिएन्ना आणि लंडन या दोन महानगरांच्या विद्यापीठीय जीवनात वाढला होता. १९३८ मध्ये त्याने बेट्टीशी विवाह केला.

ही मंडळी वैराग्य येऊन डोंगरात गेली नव्हती, हे प्रथमच सांगितले पाहिजे. हायमेनडॉर्फ १९३९ मध्ये पुन्हा नागा टेकड्यांकडे जावयास निघाला होता. तोच महायुद्ध पेटले. ऑस्ट्रिया जर्मनीने गिळंकृत केल्यामुळे त्याच्यापाशी जर्मन पारपत्र होते, आणि ब्रिटिशांच्या लेखी तो शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला. परिचयातील अधिकाऱ्यांच्या सद्भावनेमुळे तो कायमच्या तुरुंगवासातून वाचला, एवढेच. निजामाच्या हैदराबाद संस्थानात राहावे, अशी त्याच्यावर मर्यादा पडली. हे बेट त्याने निवडले नव्हते. दैवाने ते त्याच्या पदरात टाकले होते. चेंचू व कोंडरेड्डी या जमातींचा अभ्यास करून तो गोंडांकडे आला, तो अशा प्रकारे.

ज्या वेळी तो आला ती वेळ शांततेची नव्हती. जोडेघाटच्या परिसरात कुमरम भीम या गोंड तरुणाने जंगलावरील व जमिनीवरील हक्कासाठी निजामाच्या सत्तेविरुद्ध शस्त्र उचलले होते, आणि १९४० मध्ये पोलिसांच्या गोळीबारात तो व त्याचे सहकारी मारले गेले होते. हे का घडले? उत्तर गोमंतकीय वाचकास समजावून सांगावे लागू नये. कूळ आणि मुंडकार यांचा लढा आम्ही पाहिला आहे. पिढ्यान् पिढ्या जमीन कसावी आणि एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव मात्र दुसऱ्याचे असावे, यातील व्यथा आमच्या घरोघरी माहीत आहे. गोंडांचे नेमके तेच झाले. त्यांची शेती फिरती होती. काही वर्षे एक रान कसायचे, मग ते पडीक टाकून दुसरे धरायचे. कागद कुणापाशीच नव्हता. जंगलखात्याने सीमा आखून रान 'राखीव' केले, तेव्हा पडीक टाकलेली जमीन सरकारजमा झाली आणि तेथे परतणारा गोंड अतिक्रमण करणारा ठरला. दुसरीकडे आगगाडी आली, रस्ते आले. सुपीक काळ्या जमिनीचे पट्टे बाहेरून आलेल्या सावकारांच्या व शेतकऱ्यांच्या नावावर चढू लागले. या बाहेरच्यांत तेलुगू होते, उर्दू बोलणारे होते, आणि वऱ्हाडाकडून आलेले आपले मराठी भाषकही होते. हे कबूल करताना संकोच वाटतो, परंतु ते खरे आहे.

अशा गावी नव्याने राहावयास आलेल्या विद्वानास दोन वाटा मोकळ्या होत्या. वह्या भरून घ्याव्या, दंडारी-गुस्साडीचे नृत्य पाहावे, प्रधानांच्या किकरीवरील वीरगाथा उतरून घ्याव्या आणि युद्ध संपताच निघून जावे, ही एक. तीही काही हलकी नव्हती. हायमेनडॉर्फने ते काम केलेच, आणि १९४८ मध्ये निघालेला त्याचा राजगोंडांवरील ग्रंथ त्याची साक्ष आहे. पण गावात राहिल्यामुळे शेजाऱ्याच्या घरी आलेला पटवारी त्याला दिसत होता, जंगलखात्याच्या शिपायाने मागितलेली लाच त्याच्या कानी पडत होती, आणि तो हे सारे निजाम सरकारला लिहून कळवीत होता. १९४५ नंतर तो सरकारचा आदिवासीविषयक सल्लागार झाला. त्या दशकात अकरा हजारांहून अधिक आदिवासी कुटुंबांना सुमारे १,६०,००० एकर जमिनीचे पट्टे मिळाले. बंडाने भेदरलेल्या सरकारला ही शहाणीव सुचली, असे म्हणणारे म्हणोत. ते खोटेही नाही. भीमाचे रक्त सांडले नसते तर एका परदेशी पंडिताचे अहवाल कोणत्या दप्तरात धूळ खात पडले असते, याचा अंदाज कोणीही करावा.

या कामात एका मराठी माणसाचा वाटा फार मोठा आहे, आणि त्याचा उल्लेख आपल्याकडे क्वचितच होतो. सेतुमाधवराव पगडी यांना आपण शिवकालाचे इतिहासकार म्हणून, उर्दू काव्याचे रसिक भाष्यकार म्हणून ओळखतो. निजामाच्या मुलकी सेवेतील हे अधिकारी आदिलाबादच्या गोंडांत खास अधिकारी म्हणून वावरले, त्यांची भाषा शिकले आणि पुढे तिचे व्याकरणही त्यांनी लिहिले. कागदावरचा पट्टा प्रत्यक्ष नांगराखाली आणणे हे सल्लागाराचे नव्हे, अशा अधिकाऱ्याचे काम असते. गोंडी बोलणारा अंमलदार समोर उभा राहिला तेव्हा त्या दरिद्री शेतकऱ्यांना काय वाटले असेल!

शाळेची हकीगत याहून बोधप्रद आहे. १९४३ मध्ये मार्लवाईस गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षणकेंद्र निघाले. प्रश्न असा पडला की शिकवावयाचे कोणी आणि कशात? गोंडीला रुळलेली लिपी नव्हती, आणि थोडेफार मराठी किंवा उर्दू वाचता येणारे गोंड बोटांवर मोजण्याइतके होते. त्यांनाच गोळा करून शिक्षक केले गेले, आणि गोंडी भाषेतली पहिली वाचनपुस्तके देवनागरीत छापली गेली. मुलाने प्रथम आपल्या आईच्या भाषेत अक्षर ओळखावे, मग दुसऱ्या भाषेकडे वळावे, असा क्रम होता. १९५६ मध्ये भाषावार प्रांतरचनेत आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेले, तेलुगू माध्यम आले आणि गोंडी पुस्तके मागे पडली. मातृभाषेसाठी आणि राजभाषेसाठी झगडलेल्या प्रदेशातील वाचकांपुढे यावर अधिक भाष्य करण्याचे कारण नाही.

हायमेनडॉर्फ दांपत्य मार्लवाईला जन्मभर राहिले नाही, हेही प्रांजळपणे सांगावयास हवे. संस्थान विलीन झाल्यावर ते लंडनला परतले. तेथे तो प्राध्यापक झाला, हिमालयात हिंडला, कीर्तिमान झाला. १९७६ मध्ये निवृत्त झाल्यानंतर तो पुन्हा आदिलाबादेत काम करू लागला, तेव्हा त्याने काय पाहिले? पट्टे दिलेल्या जमिनी पुन्हा बाहेरच्यांच्या हाती गेल्या होत्या. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींकडे जाऊ नये यासाठी १९५९चे विनियमन होते, ते १९६३ मध्ये तेलंगणास लागू झाले, १९७० मध्ये अधिक कडक केले गेले, तरी कर्जाच्या कागदावरील अंगठ्यापुढे ते लुळे पडले. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीस जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सरकारी आकडा तेरा मृतांचा आहे. लोक तो मानत नाहीत. चाळीस वर्षांपूर्वीचे जोडेघाट तेथून काही फार दूर नाही. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात वृद्ध हायमेनडॉर्फने आपल्या कार्याची ही धूळधाण हातचे न राखता नोंदवली. आपले बेट बुडत असताना त्याचे सुंदर चित्र रंगवण्याचा मोह त्याला झाला नाही, म्हणून आम्हांस त्याच्याविषयी अधिक आदर वाटतो.

गोव्यात घर घेणाऱ्यांनी डोंगरातील झोपडीत जाऊन राहावे, असे सुचवण्याचा वेडेपणा आम्ही करणार नाही. परंतु ज्या अंगणात ते सायंकाळी बसतात, ते अंगण काल कोणाच्या नावावर होते, त्या घरचे मुंडकार आज कोठे आहेत, गावच्या कोमुनिदादीच्या जमिनीचे काय चालले आहे, एवढी चौकशी त्यांना अवघड नाही. ग्रामसभेत मागच्या खुर्चीवर बसून चार वाक्ये ऐकली तरी अर्धे समजते.

जानेवारी १९८७ मध्ये बेट्टीचे हैदराबादेत निधन झाले आणि तिला मार्लवाईच्या मातीत चिरविश्रांती मिळाली. हायमेनडॉर्फ १९९५ मध्ये लंडनला वारला. त्याची रक्षाही पुढे तेथेच, पत्नीच्या समाधीशेजारी आणण्यात आली. तेथील गोंड जानेवारीत त्या दोघांचे स्मरण करतात. याच मार्लवाईचे कनक राजू यांना गुस्साडी नृत्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. मोरपिसांचा तो भव्य टोप घालून नाचणारे हे गुरू २०२४च्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या तोंडावर गेले. त्यांच्या हाताखाली शिकलेली मुले दरसाल दंडारीच्या दिवसांत अजून गावोगाव नाचतात.