गाठ उपाशी राहत नाही

'साखर बंद केली ना?' कॅन्सरचं निदान झालेल्या माणसाला भेटायला गेलं की पाच मिनिटांत कुणीतरी हा प्रश्न विचारतंच. विचारणारे परके नसतात. बालमैत्रीण असते, ऑफिसातला सहकारी असतो, शेजारच्या काकू असतात, आणि प्रत्येकाला मनापासून मदतच करायची असते. म्हणूनच या प्रश्नाला कुणी हटकत नाही. साखरेपासून सुरू झालेलं 'बंद' मग भातावर येतं, भातावरून पोळीवर, पोळीवरून फळांवर आणि दुधावर. केमोच्या दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपर्यंत रुग्णाच्या ताटात उकडलेली दुधी आणि कसला तरी हिरवा रस एवढंच उरतं. वजन उतरतं, डॉक्टर पुढची फेरी लांबवतात, आणि घरचे म्हणतात, 'बघा, औषधं किती कडक असतात.' हे इतक्या घरांमध्ये पाहिलं आहे की आता गप्प बसवत नाही.

कॅन्सरच्या पेशी साखरेवर वाढतात, म्हणून साखर तोडली की गाठ उपाशी मरेल, असा हा समज आहे. यातला पहिला अर्धा भाग पूर्ण खोटा नाही आणि तिथेच घोटाळा होतो. जर्मन शास्त्रज्ञ ओटो वॉरबर्ग यांनी 1920 च्या दशकात दाखवून दिलं की गाठीतल्या पेशी ग्लुकोज फार मोठ्या प्रमाणात वापरतात, आणि ऑक्सिजन असतानाही त्याचं लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात. हे निरीक्षण आजही मान्य आहे. पेट स्कॅन त्यावरच चालतो: किरणोत्सारी खूण लावलेलं, ग्लुकोजसारखं द्रव्य शिरेतून देतात आणि ते जिथे जास्त शोषलं जातं ती जागा पडद्यावर उजळते. स्कॅन पाहून आलेले नातेवाईक म्हणूनच खात्रीने सांगतात, 'आम्ही डोळ्यांनी पाहिलं, गाठ साखर खाते.' त्याच स्कॅनमध्ये मेंदूही लख्ख उजळलेला असतो, हे मात्र कुणी सांगत नाही. ग्लुकोज प्रत्येक पेशीला लागतं. एकट्या मेंदूला दिवसाला साधारण 120 ग्रॅम लागतं.

वॉरबर्ग यांच्या नावाने फिरणाऱ्या मेसेजमध्ये आणखी एक वाक्य हमखास असतं, की कॅन्सरचं मूळ कारण शोधल्याबद्दल त्यांना 1931 चं नोबेल मिळालं. नोबेल त्याच वर्षी मिळालं हे खरं. पण ते पेशींच्या श्वसनात भाग घेणाऱ्या एन्झाइमचं स्वरूप आणि कार्य शोधल्याबद्दल होतं. नोबेल समितीच्या अधिकृत नोंदीत हे कुणालाही वाचता येतं.

आता मुख्य मुद्दा. आपण साखर, भात, पोळी सगळं सोडलं म्हणून रक्तातली साखर शून्यावर जात नाही. शरीर ती जाऊच देत नाही. यकृतात साठवलेलं ग्लायकोजेन आधी वापरलं जातं. तो साठा साधारण दिवसभरात संपत येतो आणि मग यकृत स्वतः ग्लुकोज बनवू लागतं. त्यासाठीचा कच्चा माल बऱ्याच अंशी स्नायूंमधल्या प्रथिनांतून येतो. म्हणजे दंड, मांड्या, बरगड्यांमधले श्वासाचे स्नायू झिजायला लागतात. गाठ रक्तातून आपला वाटा उचलतच राहते. शिवाय ती एकट्या ग्लुकोजवर अवलंबूनही नसते. ग्लुटामिनसारखी अमिनो आम्लं आणि चरबीही तिला चालते. उपाशी राहतो तो माणूस.

आणि स्नायू झिजलेल्या माणसाला उपचार पेलवत नाहीत. औषधांचे दुष्परिणाम जास्त होतात, डोस कमी करावे लागतात, फेऱ्या पुढे जातात, जखमा भरायला वेळ लागतो. सहा महिन्यांत, मुद्दाम प्रयत्न न करता, वजन पाच टक्क्यांहून जास्त घटलं तर डॉक्टर ते गंभीर मानतात. साठ किलोच्या माणसासाठी ते फक्त तीन किलो. दोन बोटं सैल झालेला पंजाबी ड्रेस पाहून 'बारीक झालीस, छान दिसतेस' म्हणणाऱ्या मैत्रिणींनी हा आकडा लक्षात ठेवावा.

युरोपातल्या क्लिनिकल पोषणतज्ज्ञांच्या 'एस्पेन' या संस्थेने कॅन्सर रुग्णांच्या आहाराविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आहेत. कुपोषित असलेल्या किंवा होण्याचा धोका असलेल्या रुग्णांनी अन्न कमी करणारे आहार घेऊ नयेत, असं त्यात स्पष्ट आहे. दिवसाला शरीराच्या दर किलोमागे 25 ते 30 कॅलरी, आणि प्रथिनं एक ग्रॅमहून जास्त, शक्य तर दीड ग्रॅमपर्यंत, असं त्या सांगतात.

युरोपचं इथे काय, असं कुणी म्हणेल. तर मग परळकडे या. नोव्हेंबर 2024 मध्ये नवज्योतसिंग सिद्धू यांनी अमृतसरला पत्रकार परिषदेत सांगितलं की साखर आणि दूध बंद करून, हळद, कडुनिंब, लिंबूपाणी अशा आहाराने त्यांच्या पत्नीने चौथ्या टप्प्यातल्या कॅन्सरवर मात केली. तो व्हिडिओ देशभर फिरला. दोनच दिवसांत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या 262 आजी-माजी कर्करोगतज्ज्ञांनी निवेदन काढलं: या दाव्यांना दर्जेदार पुरावा नाही, लोकांनी उपचार लांबवू नयेत. त्या बाईंची शस्त्रक्रिया आणि केमोही झाली होती, आणि आहार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच होता असा खुलासा सिद्धूंनीही नंतर केला. व्हिडिओ मात्र खुलाशाशिवायच पुढे पाठवला जातो, आणि तो ज्यांच्या फोनवर पोचतो त्यांच्यातला एखादा त्या आठवड्यात केमोची तारीख चुकवतो.

तारखा चुकवता चुकवता उपचारच सोडले, तर त्याची किंमतही मोजलेली आहे. अमेरिकेत 2004 ते 2013 मधल्या रुग्णांच्या नोंदी तपासून येल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये 'जर्नल ऑफ द नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट'मध्ये निष्कर्ष मांडले. बरा होण्याजोगा कॅन्सर असूनही ज्यांनी नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी मार्ग धरले, त्यांच्या मृत्यूचा धोका अडीच पट होता. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तो पाच पटींहून जास्त निघाला.

साखरेबद्दल एवढं खरं आहे: ज्यांना मधुमेह आहे त्यांनी ती सांभाळायलाच हवी. केमोबरोबर दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडमुळेही रक्तातली साखर चढते आणि डॉक्टर तेव्हा वेगळा आहार देतात. वर्षानुवर्षं गोड आणि तेलकट खाऊन येणारा लठ्ठपणा काही कॅन्सरचा धोका वाढवतो, हेही सिद्ध झालेलं आहे. पण गोड कमी खाण्याचा तो सल्ला निरोगी माणसाच्या पुढच्या वीस वर्षांसाठी आहे. तोंडात फोड आलेल्या, दिवसभरात चार घास जाणाऱ्या माणसाच्या हातातली शिऱ्याची वाटी काढून घेण्यासाठी तो वापरू नये. आणि 'साखर नको, गूळ चालेल' यालाही अर्थ नाही. गूळही मुख्यतः तीच सुक्रोज साखर आहे.

बाकीचे समज थोडक्यात. दुधाने गाठ वाढते, याला आधार नाही. ज्यांना दूध पचतं त्यांच्यासाठी ते प्रथिनांचा सोपा स्रोत आहे. 'अल्कली पाण्याने' रक्त अल्कधर्मी होत नाही: रक्ताचा पीएच 7.35 ते 7.45 च्या मध्ये राखायचं काम फुप्फुसं आणि मूत्रपिंडं करतात. स्वयंपाकातली हळद खुशाल खा, पण कर्क्युमिनच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. उंदरांवरच्या प्रयोगात कर्क्युमिनने सायक्लोफॉस्फामाइड या केमोच्या औषधाचा परिणाम कमी केल्याचं 2002 मध्येच प्रसिद्ध झालं आहे. लक्ष्मणफळाने माणसाचा कॅन्सर बरा होतो असा पुरावा नाही. उलट कॅरिबियन बेटांवर ते नियमित खाणाऱ्यांत पार्किन्सनसारखा आजार जास्त दिसल्याची नोंद 'लॅन्सेट'मध्ये आहे. गरम नारळपाण्याचा टाटाच्या संचालकांच्या नावाने फिरलेला मेसेज बनावट असल्याचं रुग्णालयानेच सांगितलं होतं. जेवायला शेजारी बसल्याने कॅन्सर होत नाही. रुग्णाचं ताट-वाटी वेगळं काढणं हा शुद्ध अन्याय आहे. आणि नाकातून नळी घातली म्हणजे शेवट आला, असंही नाही. तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरमध्ये, जो तंबाखूमुळे आपल्याकडे फार आहे, रेडिएशन पूर्ण व्हावं म्हणूनच ती नळी असते, आणि बहुतेकांची ती नंतर निघते.

मग मित्रमंडळींनी करायचं काय? डबा न्यायचा. पण विचारून. वॉर्डातल्या आहारतज्ज्ञाने दिलेला कागद घरी असतो. त्याचा फोटो मागून घ्या आणि त्याबाहेरचं स्वतःच्या मनाने नेऊ नका.

प्रथिनांचा हिशेब आपल्या ताटात आपोआप बसत नाही, हे आधी समजून घ्यावं. साठ किलोच्या माणसाला दिवसाला साठ ते नव्वद ग्रॅम लागतात. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम, कपभर दुधात सहा-सात, वाटीभर वरणात त्याच्याच आसपास. भात, वरण आणि फोडणीची भाजी असा डबा पोट भरतो, पण हिशेब अर्ध्यातच राहतो. म्हणून मऊ खिचडीत मुगाची डाळ जास्त घाला, वर तूप सोडा. नाचणीचं सत्त्व पाण्याऐवजी दुधात शिजवा. शेंगदाण्याचं कूट, पनीर, अंड्याची भुर्जी, ताजा मासा, जे घरात चालत असेल ते. वाटी लहान ठेवा आणि दिवसातून सहा वेळा द्या. भरलेलं ताट पाहूनच मळमळणाऱ्याला 'एवढं तरी संपव' म्हणू नका.

केमोच्या दिवशी त्याचा सर्वांत आवडता पदार्थ नेण्याचा मोह फार होतो. तो टाळावा. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या इलीन बर्नस्टाइन यांनी 1978 मध्ये 'सायन्स'मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. केमो घेणाऱ्या मुलांना औषधाच्या आधी एका वेगळ्याच चवीचं आइस्क्रीम दिलं. नंतर त्या मुलांना ते नकोसं झालं. मळमळीशी चवीची गाठ बसते आणि ती सहज सुटत नाही. मित्राची आवडती पुरणपोळी कायमची जाऊ नये म्हणून त्या दिवशी साधंच न्या. पुरणपोळी बऱ्या दिवसासाठी ठेवा. तोंडाला धातूची चव येत असेल तर स्टीलऐवजी लाकडी किंवा प्लॅस्टिकचा चमचा बरा पडतो. फोडणीचा वास सहन होत नसेल तर गार किंवा कोमट पदार्थ जातात: दहीभात, गार खीर. मात्र ऑक्सॅलिप्लॅटिन हे औषध चालू असेल तर गार काहीच नको. त्याने घशात आणि बोटांत झिणझिण्या येतात.

पांढऱ्या पेशी उतरलेल्या दिवसांत, म्हणजे बहुतेक औषधांत केमोनंतर साधारण एक ते दोन आठवड्यांच्या काळात, बाहेरचं कापलेलं फळ, रस्त्यावरची चटणी, कच्चं मोड आलेलं कडधान्य आणि गव्हांकुराचा रस बंद. सगळी फळं बंद करायची मात्र गरज नसते. स्वच्छ धुऊन घरी सोललेली केळी, संत्री चालतात. तरी आपल्या वॉर्डाची सूचना वेगळी असेल तर तीच पाळावी. ताप 38 अंश सेल्सिअस म्हणजे 100.4 फॅरनहाइट झाला तर काढा करत बसू नका, रुग्णालयाला लगेच फोन करा.

गडचिरोलीहून किंवा सिंधुदुर्गातून परळला आलेल्यांचे मित्र डबा नेऊ शकत नाहीत. त्यांनी दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेची, परळच्या नाना पालकर स्मृती समितीची चौकशी करून द्यावी. मुंबईत ओळखीचं एखादं घर शोधून आठवड्यातून दोनदा तिथून गरम जेवण जाईल अशी सोय लावावी. गावात मागे राहिलेल्या मुलांच्या जेवणाची, गुराढोरांची जबाबदारी घ्यावी.

डब्यांचं वेळापत्रक एकाच माणसाने ठेवावं, म्हणजे मंगळवारी तीन घरांची खिचडी येऊन गुरुवारी काहीच नाही असं होत नाही. त्या माणसाने आदल्या रात्री रुग्णाच्या घरी विचारावं, उद्या काय जाईल, आणि 'काहीच नको' असं उत्तर आलं तर वाईट वाटून घेऊ नये. डबा दारात द्यावा, बसायला सांगितलं तरच बसावं. डब्यात दोन माणसांचं जेवण असावं. शेजारच्या खुर्चीवर रात्रभर जागणारी बायको, नवरा किंवा भाऊ बहुतेक वेळा सकाळपासून फक्त चहावर असतो, आणि त्याला कुणी विचारलेलं नसतं. त्याच्यासाठी भाजी तिखट चालते, लोणचंही चालतं, ते वेगळ्या वाटीत द्यावं. आणि भांडी परत करायची घाई त्या घराला लावू नये.