विद्यार्थ्यांची डोंगरी सायकल-शर्यत

सायकल-शर्यत म्हटली की मराठी माणसाला मुंबई-पुणे मार्ग आणि बोरघाटाची चढण आठवते. डांबरी रस्ता, एकमेकांना खेटून जाणारे स्वार आणि घाटमाथा प्रथम गाठणाऱ्याचा होणारा गौरव, हे तिचे परिचित रूप होय. डोंगरी सायकलींची शर्यत मात्र रस्ता सोडून पाऊलवाटेला लागते. दगडगोटे, झाडांची मुळे, दमछाक करणारी चढण आणि निसरडा उतार हीच तिची धावपट्टी. अशा वाटेवर सायकल हाकणे हे कौशल्याचे काम आहेच. परंतु अशी शर्यत नीट भरविणे हे त्याहून मोठे शिक्षण आहे, आणि ते शाळा-महाविद्यालयांतील मुलांच्या आवाक्यातले आहे.

या खेळाचा जन्मच मुळी हौशी तरुणांच्या हातून झाला. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, फेअरफॅक्स गावाजवळच्या एका कच्च्या डोंगरवाटेवर काही मित्रांनी जुन्या, जाड टायरांच्या सायकलींची शर्यत लावली. सुमारे ३ किलोमीटरच्या त्या वाटेला जवळजवळ ४०० मीटरचा उतार होता. सायकलींच्या ब्रेकमधील ग्रीस तापून जळून जाई व ते पुनःपुन्हा भरावे लागे; त्यावरून शर्यतीला ‘रीपॅक’ हे नाव पडले. तिचा संघटक चार्ली केली याने दोन घड्याळे जुळवून एक माथ्यावर व एक पायथ्याशी ठेविले आणि स्वारांना ठराविक अंतराने एकेक करून सोडले. पुढे वीस वर्षांनी, १९९६ साली, हाच खेळ अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये दाखल झाला. १९९८ साली बर्कली हायस्कुलातील मॅट फ्रिट्झिंगर या गणिताच्या शिक्षकाने शाळेतच डोंगरी सायकलस्वारांचे मंडळ काढले आणि त्यातून शालेय शर्यतींची मोठी चळवळ उभी राहिली.

गोव्यातील फोंडा तालुका या कामी निसर्गतःच अनुकूल आहे. जांभ्या दगडाचे सडे, काजूच्या टेकड्या आणि खाली कुळागरे, अशी येथील जमिनीची चढउतार आहे. फर्मागुडीच्या उंचवट्यावर तर महाविद्यालयेच वसली आहेत. तथापि वाट दिसली म्हणून ती शर्यतीची झाली, असे नव्हे. एखादा सडा कोमुनिदादीचा असतो, काजूची बाग कोणा भाटकाराची असते, कुळागर तर घरच्यासारखेच जपलेले असते. बोंडल्याचे अभयारण्य अवघे ८ चौरस किलोमीटरांचे. तेथे वनखात्याच्या परवानगीवाचून पाऊलही टाकता येत नाही. म्हणून विद्यार्थ्यांचा पहिला धडा सायकलीवर बसण्याचा नसून दारोदार जाऊन नम्रपणे विचारण्याचा आहे. जमिनीचा मालक, पंचायत वा नगरपालिका आणि पोलीस यांना लेखी अर्ज करावयाचा, त्यांच्या शंका ऐकावयाच्या आणि शर्यतीनंतर वाट होती तशी करून देण्याचे वचन द्यावयाचे. हे वचन मोडले, तर पुढील वर्षी त्या मुलांना कोणी उभे करणार नाही.

दिवस निवडणे हाही विचाराचा विषय आहे. जून ते सप्टेंबर पावसामुळे माती भुसभुशीत होते. त्या वेळी चाकांनी वाट कोरली की पुढच्या सरीत ती वाहून जाते. फेब्रुवारीपासून काजूचा हंगाम असतो. माघात कवळे, मंगेशी येथील जत्रा भरतात, तर ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचे फेस्त असते. तेव्हा डिसेंबरचा मध्य बरा. रविवार ठरविल्यास सकाळच्या मिस्सेला जाणाऱ्या मुलांची आठवण ठेवूनच वेळ धरावी.

वाट आखताना ती प्रथम पायी, मग सायकल हातात धरून आणि शेवटी सायकलीवरून तपासावी. नवशिक्यांसाठी ३ किलोमीटरांची एक फेरी पुरे. पणजी-बेळगाव महामार्ग वाटेत कोठेही ओलांडावा लागू नये. सड्यांवर सोडून दिलेल्या चिरेखाणी असतात व त्यांत पाणी साचते; वाट त्यांच्यापासून दूर न्यावी. देवस्थानाची वा राखणदाराची जागा टाळावी. तीव्र वळणावर, उतारावर आणि प्रत्येक फाट्यावर एकेक स्वयंसेवक उभा करावा व पुढचा-मागचा सोबती त्याच्या दृष्टिपथात असावा. शिरस्त्राण नसलेल्या, अथवा ज्याचे दोन्ही ब्रेक लागत नाहीत अशा स्पर्धकास, तो कितीही चांगला स्वार असो, सोडू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका कोणत्या जागेपर्यंत येऊ शकते, हे आधीच पाहून ठेवावे.

वेळ मोजण्यास महागड्या यंत्राची गरज नाही. केलीची दोन घड्याळांची युक्ती आजही चालते. ३० स्पर्धकांना एकेका मिनिटाच्या अंतराने सोडले, तर शेवटचा पहिल्यानंतर २९ मिनिटांनी निघतो. एखादा ८ वाजून ७ मिनिटांनी सुटून ८ वाजून २१ मिनिटे ४० सेकंदांनी पोहोचला, तर त्याचा काळ १४ मिनिटे ४० सेकंद. ही वजाबाकी प्राथमिक शाळेतली आहे. पण येथे तिच्यावर कोणाचा तरी न्याय अवलंबून असतो, म्हणून दोघांनी ती स्वतंत्रपणे करून ताडून पाहावी.

सर्वांत महत्त्वाची नोंद मात्र वेळेची नव्हे, संख्येची. तीस सुटले असतील, तर तीसही परत आल्याची खूण वहीत पडली पाहिजे. मध्येच थांबलेल्याची नोंद त्या फाट्यावरील स्वयंसेवकाने कळविली पाहिजे, आणि सर्वांच्या मागून एका जाणत्या स्वाराने वाट पाहत यावयास हवे. पहिला कोण आला हे टाळ्यांवरून कळते. शेवटचा कोठे आहे हे ज्याला ठाऊक असते, तो खरा संघटक. ही बेरीज जुळेपर्यंत बक्षीस-समारंभ सुरू करू नये.

सायकलीवर न बसणारी मुलेही अशा रीतीने या शर्यतीत पूर्ण सहभागी होतात. अर्ज लिहिणारा, नकाशा काढणारी, पाणी वाहणारा, फाट्यावर तीन तास उन्हात उभी राहणारी, या सर्वांच्या दक्षतेवर दुसऱ्या कोणाचा तरी जीव सुरक्षित असतो. वर्गात जबाबदारी या शब्दाचा अर्थ सांगता येतो. त्या फाट्यावर तो उमगतो.