मोरीच्या पाण्यावरची भाजी

सकाळचे साडेदहा. मोखाडा तालुक्यातला एक पाडा. पाऊस सरलाय, भात पिवळं पडत आलंय आणि ऊन आत्ताच पाठ भाजतंय. अंगणवाडीच्या ओट्यावर बायांची रांग. प्रत्येकीच्या कडेवर मूल. कुणी रडतंय, कुणी पदर चोखतंय.

ताई वजन घेते, मग पट्टी काढते. डावा दंड, बरोबर मध्यावर. हिरवा. हिरवा. पिवळा. दंडघेर 12.5 सेंटिमीटरच्या खाली आला की पिवळा, 11.5 च्या खाली लाल. राज्यात पाच वर्षांखालच्या 100 मुलांपैकी 35 वयाच्या मानाने खुजी आहेत, असं 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. रांगेतली आजी एवढंच विचारते, "रंग कंचा आला?"

ओट्याखाली उतरलं की कुडाची घरं. एका घरामागे मोरीचं पाणी चरातून गोल वाफ्याच्या मधल्या खड्ड्यात जातं. खड्ड्यात पालापाचोळा कुजतोय. भोवती लाल माठ, पालक, चवळी, अंबाडी. काट्यांच्या कुंपणावर दोडका चढलाय, कोपऱ्यात शेवगा. कोंबड्या शिरू नयेत म्हणून खालून जुनी साडी बांधलीय.

आत बचत गट बसलाय. एकजण आढ्याचा वाळका दोडका काढते, कानाशी हलवते. बी खुळखुळतं. टोक मोडून ते ओंजळीत ओतते, राखेत घोळवते, डब्यात भरते. गटाचा नियम साधा: पहिली खुडणी घरच्या पोरांना, उरलं तर बाजाराला. मला हा नियम बागेपेक्षाही मोलाचा वाटतो.

चुलीवर डाळ शिजतेय. त्यात बारीक चिरलेला माठ पडतो. "तेल घाल गं वरून," अध्यक्षबाई बजावतात. पाल्यातलं अ जीवनसत्त्व तेलाशिवाय नीट अंगी लागत नाही. लाल पट्टीतलं मूल भाजीने उठत नाही. त्याला उपचार आणि भरपूर ऊर्जेचा आहार लागतो. ही बाग पिवळ्याने लाल होऊ नये म्हणून आहे.

मग विषय निघतो वीटभट्ट्यांचा. दिवाळीनंतर अर्धा पाडा पोरांसकट भट्टीवर जाईल. वाफ्यांना पाणी कोण घालणार?

"मेथीचं बी संगं न्या. महिन्याच्या आत येते."

"तिथं पाणी टँकरचं. भाजीला कोण देतं?"

"भांडी तर तिथंबी घासायचीच ना?"

दोघी नावं सांगतात. वहीत मेथीच्या दोन पुड्या लिहिल्या जातात. तिसरी अजून विचार करतेय.