खड्ड्याचे मूळ उन्हाळ्यात
उष्ण प्रदेशातील डांबरी रस्ते व त्यांची निगा

बडोदे शहराच्या वायव्येस गोरवा हे मूळचे एक गाव. शहर वाढत गेले तसे ते शहरात सामावून गेले. आज तेथे दाट वस्ती आहे आणि औद्योगिक वसाहतही आहे. गोरव्याच्या पलीकडे काही किलोमीटरवर कोयली येथील तेलशुद्धीकरण कारखाना आहे. मे १९६३ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरू यांनी त्याची कोनशिला बसविली. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने तो उभा राहिला आणि ऑक्टोबर १९६६ मध्ये राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण करण्यात आला. पेट्रोल, डिझेल आणि रॉकेल यांच्याबरोबरच रस्त्यांसाठी लागणारे डांबरही येथे तयार होते.

डांबर जेथे तयार होते त्याच्या शेजारचे रस्ते तरी अभंग राहावेत, असे कोणास वाटेल. परंतु रस्त्याचे आयुष्य डांबराच्या जवळिकीवर ठरत नाही. ते ऊन, पाणी, वाहनांचा भार आणि वेळच्या वेळी होणारी निगा यांवर ठरते. बडोद्याला उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो, पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि उरलेले आठ महिने बहुतांशी कोरडे जातात. खानदेश, मराठवाडा आणि विदर्भ येथील वाचकांना हे हवामान परके नाही. म्हणून गोरव्याच्या रस्त्याची गोष्ट ही आपल्या गावच्या रस्त्याचीही गोष्ट आहे.

डांबर आणि त्याची प्रत

बोलीभाषेत आपण ज्याला डांबर म्हणतो त्या नावाखाली दोन वेगळे पदार्थ येतात. दगडी कोळशापासून निघणारे डांबर हा एक आणि खनिज तेलातून हलके भाग काढून घेतल्यावर तळाशी उरणारे काळे, चिकट द्रव्य, म्हणजे बिटुमेन, हा दुसरा. आजचे रस्ते बिटुमेनचे असतात. रस्त्याचा भार मुख्यतः खडी वाहते. डांबराचे काम खडीचे दाणे एकमेकांस बांधून ठेवणे आणि पाण्याला खाली उतरू न देणे हे आहे.

सर्व डांबर सारखे नसते. पूर्वी त्याची प्रत सुईच्या कसोटीने ठरवीत. २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या डांबरावर १०० ग्रॅम भाराची सुई ५ सेकंद टेकवावयाची आणि ती किती खोल गेली ते मिलिमीटरच्या दहाव्या भागांत मोजावयाचे. ‘६०/७०’ प्रतीचे डांबर म्हणजे ज्यात सुई ६ ते ७ मिलिमीटर जाते ते. परंतु २५ अंशांवर ताठ असलेले डांबर भर उन्हात कसे वागेल, हे या कसोटीवरून नीट कळत नाही. म्हणून २००६ मध्ये भारतीय मानकात बदल झाला आणि ६० अंशांवर डांबर किती दाट राहते यावरून त्याची प्रत ठरू लागली. उन्हाळ्याच्या दुपारी हवेचे तापमान ४२ अंश असेल तेव्हा काळ्या रस्त्याचा पृष्ठभाग ६० अंशांच्या घरात जातो, हे त्यामागील कारण.

व्हीजी-१०, २०, ३० आणि ४० या आजच्या प्रती होत. आकडा जितका मोठा तितके डांबर उष्णतेत अधिक दाट. २०१३ च्या मानकानुसार ज्या ठिकाणी सलग सात दिवसांच्या कमाल तापमानाची सरासरी ३८ ते ४५ अंश असते तेथे व्हीजी-३० आणि त्याहून अधिक असते तेथे व्हीजी-४० योग्य समजले जाते. थंड प्रदेशास योग्य असे मऊ डांबर आपल्या भागात वापरणे म्हणजे चाकोऱ्यांना आमंत्रण देणे होय.

उन्हाळा रस्त्याचे काय करतो

उन्हाचे परिणाम दोन प्रकारचे आहेत आणि ते परस्परविरुद्ध दिशांनी काम करतात.

पहिला परिणाम त्याच दिवशी दिसतो. डांबर मऊ होते. चौक, बसथांबा, वजनकाटा, कारखान्याचे फाटक अशा ठिकाणी जड वाहने थांबतात किंवा संथ गतीने सरकतात. तेथे चाकांखालचा थर दबून चाकोऱ्या पडतात. मिश्रणात डांबर प्रमाणाबाहेर असेल तर ते वर येऊन रस्ता चकाकू लागतो आणि पावसात निसरडा होतो. अशा जागी गरम बारीक खडी किंवा जाड वाळू पसरून दाबणे हा उपाय आहे. त्यावर आणखी डांबर ओतल्यास दोष वाढतो.

दुसरा परिणाम वर्षांनी दिसतो. ऊन आणि हवा यांच्या संयोगाने डांबरातील चिकटपणा हळूहळू नाहीसा होतो व ते कडक, ठिसूळ बनते. नवे डांबर वाकते, जुने मोडते. रस्त्याचा काळा रंग करडा पडतो, वरची कच सुटू लागते, नंतर केसासारख्या भेगा दिसतात. डांबर तापविताना ते अवाजवी तापले तर हेच वृद्धत्व काही वर्षांऐवजी काही तासांत येते. म्हणून कामावर तापमापक असणे ही चैनीची नव्हे, गरजेची बाब आहे. व्हीजी-३० डांबराच्या मिश्रणाचे तापमान १५० ते १६५ अंश असावे, ते पसरताना १४० च्या खाली जाऊ नये आणि रोलरची दबाई ९० अंशांपूर्वी पूर्ण व्हावी, असा दंडक आहे.

काळ्या मातीच्या प्रदेशात यात आणखी एक भर पडते. बडोद्याच्या दक्षिणेचा कानम प्रदेश आणि आपली दख्खनची कापसाची काळी जमीन यांचा गुण एकच आहे. ती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते. वैशाखात शेतात भेगा पडतात तशाच त्या साइडपट्टीखालीही पडतात आणि रस्त्याच्या कडेला लांबच लांब चीर उमटते.

मग पाऊस येतो

पावसाळ्यात खड्डा पडला असे आपण म्हणतो. वस्तुतः पावसाळा खड्डा केवळ उघड करतो; त्याचे बी उन्हाळ्यातच पेरलेले असते. भेगेतून पाणी खाली जाते, खडी-मुरमाचा थर ओला होऊन भार पेलण्यास असमर्थ ठरतो. वरून चाक गेले की थर वाकतो, पाणी दाबाने बाहेर उसळते आणि येताना बारीक माती घेऊन येते. भेगेभोवती मातकट डाग दिसू लागले की आतला पाया धुपत आहे असे समजावे. त्यानंतर थोड्याच दिवसांत वरचा थर खचतो.

ग्रामीण रस्त्यावर अनेकदा २० मिलिमीटर जाडीचा ‘कारपेट’ व त्यावर ‘सीलकोट’ असतो. कारपेटमध्ये पोकळ्या असतात, त्या सीलकोटने बंद होतात. सीलकोट हा शोभेचा थर नसून रस्त्याचे छप्पर आहे. याचप्रमाणे रस्त्याचा मध्य कडेपेक्षा उंच हवा. शंभरास अडीच या उताराने ३.७५ मीटर रुंदीच्या रस्त्याचा मध्य कडेपेक्षा सुमारे पावणेपाच सेंटिमीटर उंच येतो. साइडपट्टी डांबरापेक्षा वर आली किंवा चर बुजले तर हा उतार व्यर्थ ठरतो. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीच्या पुराने बडोद्याचा मोठा भाग जलमय झाला होता. तशा आपत्तीपुढे उपाय तोकडे पडतात. परंतु दरवर्षीच्या साध्या पावसात रस्त्यावर पाणी साचू न देणे हे मात्र आपल्या हाती आहे.

भेग बुजवावी की खड्डा भरावा?

थोडे गणित करून पाहू. १० मीटर लांब, ५ मिलिमीटर रुंद आणि २० मिलिमीटर खोल भेगेचे आकारमान होते एक लिटर. ती बुजवावयास लिटरभर द्रव्य, एक झाडू व एक झारी पुरे. तीच भेग सोडून दिली आणि तिच्या जागी १ मीटर लांब, तितकाच रुंद व १० सेंटिमीटर खोल असा एकच खड्डा पडला, तर त्यात १०० लिटर, म्हणजे दबाईनंतर सुमारे २३० किलो मिश्रण लागते. शिवाय रोलर, मजूर आणि वाहतुकीचा खोळंबा वेगळाच. हिवाळ्याच्या अखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत भेगा कोरड्या असतात. तेव्हा त्या हवेने किंवा झाडूने साफ करून पातळ डांबरी इमल्शनने भराव्यात; रुंद भेगेत दगडी चुराही घालावा.

खड्डा भरण्याची रीत पुढीलप्रमाणे आहे :

१. खराब भाग सोडून चांगल्या थरापर्यंत चौकोनी आखणी करावी व बाजू उभ्या कापाव्यात. बशीसारख्या खड्ड्यात घातलेला माल चाकाबरोबर निघून जातो.

२. पाणी, माती व सुटी खडी काढून टाकावी. कोरड्या प्रदेशात धूळ हा मोठा शत्रू आहे. धुळीच्या थरावर डांबर चिकटत नाही.

३. तळाला व चारही बाजूंना इमल्शनचा पातळ हात द्यावा. त्याचा तपकिरी रंग पालटून काळा होईपर्यंत थांबावे. तोवर त्यातील पाणी सुटलेले नसते.

४. मिश्रण थराथराने भरून प्रत्येक थर धुमसाने किंवा लहान रोलरने दाबावा. शेवटचा थर रस्त्याच्या पातळीहून किंचित उंच ठेवावा, कारण वाहतुकीने तो आणखी दबतो.

५. कडा डांबराने बंद कराव्यात आणि थर निवल्यावरच वाहने सोडावीत. उन्हाळ्यात दुपारी केलेले काम लवकर निवत नाही, याचे भान ठेवावे.

काम करणाऱ्यांनी हातमोजे व बूट वापरावेत. तापलेल्या डांबरात पाणी जाऊ देऊ नये. ते फेसाळून उतू जाते. अंगावर गरम डांबर पडल्यास भाजलेल्या भागावर भरपूर थंड पाणी ओतावे, चिकटलेले डांबर ओढून काढू नये व रुग्णास त्वरित दवाखान्यात न्यावे.

गावाने काय करावे

न्या. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये नेमलेल्या समितीच्या शिफारशींतून पुढे १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. या संस्थेने डांबरी पृष्ठभागाच्या देखभालीची संहिता १९८२ मध्येच प्रसिद्ध केली. तेव्हा शास्त्राची उणीव नाही. उणीव असते ती वेळेवर पाहणाऱ्या डोळ्यांची. रस्त्यावरून रोज जाणारा ग्रामस्थ हा त्याचा पहिला परीक्षक होय. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतील रस्ता पूर्ण झाल्यानंतर पाच वर्षे देखभालीची जबाबदारी ठेकेदारावर असते. रस्त्याकडेच्या फलकावर कामाची माहिती दिलेली असते. ती वाचून भेग दिसताच, खड्डा पडण्याची वाट न पाहता, लेखी कळवावे. शेताचे पाणी रस्त्यावर सोडू नये, चर बुजवू नयेत आणि जलवाहिनीसाठी रस्ता खणल्यास तो थराथराने दाबून पूर्ववत करून घ्यावा.

शिक्षकांनी पाऊस थांबल्यावर तासाभराने विद्यार्थ्यांना शाळेजवळच्या रस्त्याच्या कडेने न्यावे, पाणी कोठे साचले आहे ते पाहावयास सांगावे आणि त्याचा नकाशा काढवून घ्यावा. पुढील वर्षी खड्डे कोठे पडतील, याचा अंदाज त्या नकाशावरून बांधता येईल. तो नकाशा मुलांच्या वहीत न राहता ग्रामपंचायतीच्या कार्यालयात पोहोचला आणि अधिकाऱ्यांनी मे महिन्यापूर्वी त्यावरून रस्ता पाहून घेतला, तर लिटरभर डांबरात भागणाऱ्या कामासाठी गाडीभर मिश्रण आणण्याची पाळी गावावर येणार नाही.