खिसा रिकामा, मांजर आजारी

मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडा. ती लगेच खाली बसली नाही किंवा हिरड्या चिकट लागल्या, तर अंगातलं पाणी कमी झालंय. दूध नको, बऱ्याच मोठ्या मांजरांना त्याने हगवण लागते. मीठ-कांदा-लसूण न घालता उकडलेलं चिकन कुस्करून कोमटच द्या, वासाने भूक चाळवते. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही, तर यकृतात चरबी साठू लागते. तोवर थांबूच नका. पॅरासिटामॉल मुळीच नको, अर्धी गोळीही जीव घेऊ शकते! सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना फक्त गाई-म्हशींचा, हा गैरसमज. तिथे विचारून पाहा. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. पैशांची अडचण आधीच सांगा, म्हणजे डॉक्टर आधी गरजेच्याच तपासण्या सुचवू शकतील.