नाकारणाऱ्याचे नाव

जर्मन भाषेत ‘फेरवायगरर’ असा एक शब्द आहे. ‘फेरवायगर्न’ म्हणजे नाकारणे, आणि ते करणारा तो फेरवायगरर. जर्मन मी कोश हाताशी ठेवून शिकलो. पण या शब्दाचे वजन कोशात सापडत नाही. ते सापडते कायद्यात आणि शिव्यांत.

हिटलरच्या राजवटीत लष्करी सेवा नाकारणे म्हणजे मरण ओढवून घेणे होते. फ्रान्झ येगरश्टेटर या ऑस्ट्रियन शेतकऱ्याने हिटलरसाठी लढायचे नाकारले. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. ही आठवण ताजी असतानाच, १९४९ मध्ये, पश्चिम जर्मनीची राज्यघटना आली. सदसद्विवेकाविरुद्ध कोणावरही सशस्त्र युद्धसेवेची सक्ती करता येणार नाही, असे तिच्या चौथ्या कलमात नमूद झाले. कालचा गुन्हा आज मूलभूत हक्क ठरला.

१९५६ मध्ये सक्तीची लष्करभरती परतली आणि खरा पेच उभा राहिला. सदसद्विवेक सिद्ध कसा करायचा? अर्जदाराला मंडळापुढे तोंडी परीक्षा द्यावी लागे. ‘तुमच्यासोबतच्या मैत्रिणीवर कोणी हल्ला केला आणि तुमच्या हाती बंदूक असली तर?’ हा त्यातला कुप्रसिद्ध प्रश्न. ‘गोळी झाडीन’ म्हटले तर तत्त्व लटके, ‘झाडणार नाही’ म्हटले तर माणूस खोटा! १९८४ पासून बहुतेकांना लेखी अर्ज पुरू लागला.

लोक या तरुणांना ‘ड्रुकेबेर्गर’, म्हणजे कामचुकार, म्हणून हिणवत. प्रत्यक्षात ते रुग्णालयांत आणि वृद्धाश्रमांत पर्यायी सेवा करत. २०११ मध्ये सक्तीची भरती स्थगित झाली, तेव्हा ही सेवाही संपली आणि त्यांची जागा भरण्यासाठी सरकारला नवी स्वयंसेवी योजना आणावी लागली.

पूर्व जर्मनीत १९६४ पासून शस्त्र नाकारणाऱ्यांना बांधकाम-सैनिक करत. गणवेश अंगावर असेच, फक्त खांद्यावर फावड्याचे चिन्ह. तेही नाकारणारा ‘टोटालफेरवायगरर’, म्हणजे संपूर्ण नकार देणारा. त्याच्या वाट्याला बहुधा तुरुंग येई. पर्यायी सेवाही नाकारणाऱ्याला पश्चिमेतही शिक्षा होतीच.

अलीकडे जर्मन राजकारणात हाच शब्द सरकारी भत्ता घेऊन काम नाकारणाऱ्यांसाठी वापरला जातो. तुरुंग पत्करणारा आणि नोकरी टाळणारा एकाच नावाखाली आले.

आपल्याकडे १९२० पासून ‘असहकार’ हे चळवळीचे नाव आहे. पण एकट्याने ‘नाही’ म्हणणाऱ्याला आपण काय म्हणतो? हट्टी, आडमुठा. जर्मनांनी त्याच्यासाठी निदान एक सरळ शब्द घडवला. मात्र त्याने काय नाकारले आणि त्याची कोणती किंमत मोजली, हे तो शब्द सांगत नाही. ते आपल्यालाच विचारावे लागते.