‘पंचकल्याणी’ शब्दाचा अर्थ व उपयोग

जुने कागद वाचणारांस घोड्याच्या वर्णनांतील ‘पंचकल्याणी’ हा शब्द इतका परिचित असतो कीं, त्याचा अर्थ तपासून पाहण्याची गरज सहसा भासत नाहीं. चारी पाय व तोंड पांढरें असा घोडा तो पंचकल्याणी, हा रूढ अर्थ बरोबरच आहे. पंजाबांतील नीली-रावी म्हशीसही अशाच खुणांवरून हें नांव पडलें आहे. घोटाळा होतो तो कोशांतील जवळच्या संज्ञा याच अर्थानें लावूं गेल्यास. हेमचंद्राच्या अभिधानचिंतामणींत (१२ वें शतक) जो ‘पंचभद्र’ अश्व सांगितला आहे, त्याचीं पांढरीं स्थानें छाती, पाठ, मुख व दोन्ही कुशी हीं होत. पायांचा तेथें उल्लेखच नाहीं. चार खूर, मुख, छाती, शेपूट व आयाळ हीं श्वेत असल्यास तो ‘अष्टमंगल’. ‘अबलख’ हा अरबीमूलक शब्द तर अंगावर मोठाले पट्टे असणाऱ्या घोड्याचा. त्याचा येथें संबंध नाहीं.

शुभाशुभ बाजूस ठेविलें तरी या खुणांस व्यवहारांत मोल होतें. अलाउद्दीन खिलजीनें घातलेली व अकबरानें १५७४ च्या सुमारास पुन्हा अमलांत आणलेली दाग-चेहऱ्याची पद्धति, हजिरीस चांगला घोडा दाखवून मागाहून भलतेंच तट्टू उभें करण्याच्या लबाडीवर उपाय म्हणून होती. जन्मजात पांढरी खूण बहुधा गुलाबी कातडीवर उगवते व जन्मभर टिकते, म्हणून ती साक्षीस उपयोगी. मात्र करडा घोडा वयाबरोबर पांढरा होत जातो व त्याचा टिळा दिसेनासा होतो. उलट, खोगीर लागून झालेली जखम भरली कीं तेथें पांढरे केस येतात. पाठीवरील ठिपका पाहून पंचभद्र म्हणणारांनीं ही शंका अवश्य घ्यावी!

संग्राहकांसाठीं एक सूचना. समासांत ‘पंचकल्याण’ एवढींच अक्षरें पाहून पोथी शालिहोत्रांत घालूं नये. प्रस्तुत लेखकाच्या हातूनच एकदां हा प्रमाद घडला आहे. तीर्थंकराचीं गर्भ, जन्म, दीक्षा, केवलज्ञान व निर्वाण हीं पंचकल्याणकें जैन स्तोत्रांचा व पूजापाठांचा नेहमींचा विषय आहे. आंतील एखादें पान वाचावें : भोंवरे, खूर, दांत यांचें वर्णन लागलें तर पोथी अश्वशास्त्राची समजावी.